खालच्या आळीची फाईल

“वहिनी, इथं बसा. लेकरू घेऊन किती वेळ उभ्या राहताल?”

वर्षाराणीनं वळून पाहिलं. लातूर–नांदेड गाडी अजून स्टँडातून हललीही नव्हती आणि आत पाय ठेवायला जागा उरली नव्हती. खिडकीजवळचा एक तरुण आपली जागा सोडून उभा राहिला होता. बाहेर भुरभुर पाऊस होता. तिच्या छातीशी आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं गाठोडं होतं, आणि पावसाचा थेंबही आत जाऊ नये म्हणून तिनं त्यावर ओढणीचं टोक धरलं होतं.

ती वहिनी नव्हती. गाठोड्यात लेकरूही नव्हतं. पण हात इतके भरून आले होते, की तिनं आधी बसून घेतलं.

गाडी निघाली. तो दांडा धरून तिच्या शेजारीच उभा राहिला.

“लई शांत हाय हो,” थोड्या वेळानं तो म्हणाला. “आवाज न्हाई, काही न्हाई.”

“आजारी आहे.” ती पटकन बोलून गेली. तसं ते खोटं नव्हतंच.

“ताप हाय का?”

“नाही... थंडच पडलंय. परवापासून.”

त्याचा चेहरा पांढराफटक झाला. “अन् तुम्ही अशा गप बसून राहिल्या? ओ कंडक्टर—”

तिनं घाईनं त्याची बाही ओढली. त्या ओढाताणीत लुगडं सरकलं आणि आतून राखाडी पत्रा दिसला, फ्लॉपी घालायची खाच दिसली, विझलेला बारीक दिवा दिसला.

तो पाहतच राहिला. मग त्याचे खांदे हलायला लागले. हसू दाबताना त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. वर्षाराणीला इतकी लाज वाटली, की तिनं लुगडं पुन्हा नीट गुंडाळलं. अगदी लेकराला गुंडाळतात तसंच.

“मग ताप न्हाई,” तो हळूच म्हणाला. “व्हायरस असंल.”

अहमदपूर येईपर्यंत त्यानं एखाद्या डॉक्टरसारखं सगळं विचारून घेतलं. चालू केल्यावर आधी काय दिसतं? मग काय होतं? निळा पडदा किती वेळ राहतो? तीही सांगत गेली. अनोळखी माणसाशी आपण एवढं बोलतो आहोत, हे तिच्या लक्षातच आलं नाही. खिडकीबाहेर सोयाबीन पिवळं पडत होतं, बांधाबांधावर तरवड फुलला होता, आणि त्याच्या आवाजाला गाडीच्या घरघरीची एक साथ होती... असं तिला वाटलं. तसं काही असेलच असं नाही.

तिनं सांगितलं, की लातूरला सगळे देतात तशा त्यांनीही वरच्या खोल्या क्लासच्या पोरींना भाड्यानं दिल्या आहेत. पण कॉम्प्युटर घेतला तो तिच्या वडिलांसाठी, आप्पासाहेबांसाठी. आप्पा मराठीचे मास्तर होते. भूकंपात त्यांचं औसा तालुक्यातलं गाव गेलं. तेव्हापासून ते त्या गावाचं पुस्तक लिहीत होते. कोणत्या आळीत कुणाचं घर होतं, घरात कोण कोण होतं, कुणाच्या दारात लिंब होता आणि कुणाच्या चुलीवरची भाकरी मोठी होती, असं सगळं. आधी वह्यांमध्ये लिहिलं, त्या वाळवीनं खाल्ल्या. मग तिनं दोन वर्षं बसून ते टाईप केलं. सहा आळ्यांच्या सहा फायली. फ्लॉपीवर उतरवून ठेवल्या होत्या, पण फ्लॉप्यांना बुरशी आली.

“तीस तारखेला दहा वर्षं होतात,” ती म्हणाली. “आप्पा भूकंपानंतर वसवलेल्या नव्या गावात ते वाचून दाखवणार आहेत. लातूरचा दुकानदार म्हणतो, सगळं पुसावं लागेल. आप्पांना मी सांगितलंय, की थोडी दुरुस्ती आहे, मावशीकडं जाऊन करून आणते.”

 नांदेडला उतरताना गाठोडं त्यानंच खाली घेतलं, दोन्ही हातांवर.

“इथंच वजिराबादला पाशामियाँचं दुकान हाय,” तो म्हणाला. “तिथं जा. तिथला कारागीर बरा हाय म्हणतेत.”

दुसऱ्या दिवशी ती पाशामियाँच्या दुकानात शिरली, तर कानामागं पेचकस खोचलेला तो बरा कारागीर काउंटरमागं उभा होता.

“कसं हाय लेकरू?”

“डॉक्टर तुम्हीच होता, तर काल सांगायला काय झालं होतं?”

“कालच सांगितलं असतं तर तुम्ही बसमधूनच माघारी गेल्या असत्या.” त्यानं पावतीपुस्तक ओढलं. “नाव?”

“वर्षाराणी आप्पासाहेब—”

“वर्षा...” त्यानं लिहायला घेतलं आणि पेन थांबलं. पुढचं अक्षर मोठ्यानं म्हणायची त्याला हिंमत होईना. मागच्या खुर्चीवर एका जुन्या रेडिओचं पोट उघडून बसलेल्या पाशामियाँनी चष्म्यावरून पाहिलं.

“लिही की वैजू! राणी लिहायला काय शाई जास्त लागते?”

वैजनाथचे कान लाल झाले. वर्षाराणीनं भिंतीवरची घड्याळं मोजायला सुरुवात केली.

“शेवटची सीडी कोणती घातली होती यात?” खाली मान घालूनच त्यानं विचारलं.

तिचा हात ओढणीच्या टोकाशी गेला. “वरच्या पोरींनी... काहीतरी घातलं असेल.”

पाशामियाँच्या दुकानाचा एकच नियम होता, आणि तो रेडिओच्या काळापासून चालत आला होता: बिघडलेली चीज चालू करून बघायची नाही. आधी उघडायची. कॉम्प्युटरची हार्डडिस्क काढून दुकानातल्या चांगल्या मशीनला जोडायची आणि तिथून जपून हवं ते उचलायचं. “आजारी माणसाला पळवून बघतेत का, काय होतं म्हणून?” ते विचारायचे.

पण त्या दिवशी जुम्मा होता. पाशामियाँ टोपी घालून नमाजला गेले. दुकानात ती दोघंच राहिली. वितळत्या कथलाचा वास होता, पत्र्यावर टपटपणारं पाणी होतं, आणि वर्षाराणीच्या डोळ्यांत अशी एक काळजी होती, की वैजनाथला ती बघवेना.

“एकदा बघू का?” तो म्हणाला. “फायली हायेत का न्हाई, एवढंच.”

त्यानं डिस्क काढलीच नाही. आहे तसंच बटण दाबलं.

पंखा घरघरला. पडदा उजळला. आणि थोड्या वेळानं एकाखाली एक सहा नावं दिसली. सहाच्या सहा.

वर्षाराणी हसली. पहिल्यांदाच. उन्हं आल्यावर आपण उगीच दारात येऊन उभे राहतो, तसा तो ते हसू बघत उभा राहिला. तेवढ्यात पडदा निळा झाला. त्यानं झटकन वायर उपटली.

“हायेत ना पण?” तिनं विचारलं.

“हायेत,” तो म्हणाला. “उद्या या.”

शनिवारी ती आली तेव्हा डिस्क दुसऱ्या मशीनला जोडलेली होती. व्हायरस मारून झाला होता. पाशामियाँ चहा गाळत होते. वैजनाथनं तिच्यासाठी स्टूल पुसून ठेवलं होतं, पण तिच्याकडं तो बघत नव्हता.

त्यानं पहिली फाईल उघडली. पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा नुसता पालापाचोळा उसळला. कंस, टक्के, स्वल्पविराम, मोठी अक्षरं, बारकी अक्षरं.

“घाबरू नका. तुमचा मराठी फॉन्ट या मशीनमध्ये न्हाई, म्हणून—” तो सांगू लागला.

पण ती घाबरलीच नव्हती. ती पुढं वाकली होती. तिची बोटं टेबलावर आपोआप हलत होती, जिथं कळा नव्हत्या तिथं कळा दाबत.

“ई, वाय, मोठी आय, बारकी आय, के...” ती पुटपुटली. “मलप्पा. हा मलप्पाकाका आहे. पुढं, मारुतीच्या पाराला लागून घर. दारात दोन म्हशी. बायको मोठ्यानं हसायची.”

“तुम्हाला हे वाचता येतं?”

“दोन वर्षं टाईप केलंय. डोळ्यांना नाही येत. बोटांना येतं.”

ती वाचत राहिली. त्या पाल्यापाचोळ्यातून एकेक माणूस उठून येऊन ओट्यावर बसू लागला. पाशामियाँच्या हातातली गाळणी तशीच राहिली. वैजनाथ तिच्या बोटांकडं बघत होता. असली बोटं त्यानं आजवर पाहिली नव्हती. एखादीला मेंदी शोभते, एखादीला अंगठी. हिच्या बोटांवर एक अख्खं गाव होतं.

पाच आळ्या झाल्या. सहावी त्यानं उघडली नाही.

“खालची आळी?” तिनं विचारलं.

“ती...” त्यानं माऊस तिच्याकडं सरकवला. “रिकामी हाय.”

पडदा नुसता पांढरा होता. खालच्या आळीत सर्वांत जास्त माणसं गेली होती. ती आळी तीस तारखेला वाचून दाखवली नाही, तर समोर बसलेल्यांकडं आप्पा कसं बघणार? वर्षाराणीनं तोंडावर हात धरला. आणि मग जे तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं, ते भरभर बाहेर आलं.

“सीडी पोरींनी नाही घातली. मीच घातली. हमखास प्रश्नांची. अख्ख्या लातूरभर फिरतेय ती, ह्याच्याकडून त्याच्याकडं. तीन वर्षांमागं माझी मेडिकल चार मार्कांनी हुकली. वाटलं... अजून एकदा बसावं परीक्षेला. घरात कुणाला माहीत नाही. त्या पोरींना मीच रागवते, असल्या सीड्यांच्या नादी लागू नका म्हणून. अन् मीच...”

 गाळणीतला चहा थेंबथेंब गळावा तसा बाहेरचा पाऊस गळत होता.

“मग?” वैजनाथनं हळूच विचारलं. “हमखास कोणते प्रश्न होते?”

“एकही नाही दिसला. निळा पडदा दिसला.”

रडता रडता तिला हसू फुटलं. वैजनाथ मात्र हसला नाही. चहाचा कप त्यानं बाजूला ठेवला.

“तुमच्यामुळं न्हाई गेली ती,” तो म्हणाला. “काल होती. कालपर्यंत धड होती ती फाईल. हा व्हायरस मशीन चालू झालं की दर वेळी कुठली ना कुठली एक फाईल खातो. आजवर तुमच्या सहा त्याच्या तावडीतून सुटल्या होत्या. काल मी चालू केलं.”

“वैजू!” पाशामियाँ उठून उभे राहिले. “मी नमाजला गेलो अन् तू—”

“चालू करायचं नसतं, हे माहीत होतं तुम्हाला?” वर्षाराणीनं विचारलं.

“हाव.”

“मग का केलं?”

त्यानं पेचकस कानामागून काढला, पुन्हा खोचला. “फायली दिसल्या तर तुम्ही हसाल... म्हणून.”

त्याला गप्प बसता आलं असतं. सगळा दोष तिनं आपल्या अंगावर ओढून घेतलाच होता, आणि त्याला फक्त मान हलवायची होती. हे तिच्या लक्षात यायला मावशीच्या घरापर्यंतचा रस्ता लागला. त्या क्षणी मात्र ती उठली आणि छत्रीसुद्धा न घेता निघून गेली.

दुपारी नीलाबाई मावशीच्या घरातून तिनं लातूरला फोन लावला. सगळं सांगितलं. सीडीचं, परीक्षेचं, खालच्या आळीचं. वैजनाथचं सांगितलं नाही. म्हणजे, बटण दाबलं एवढंच सांगितलं... का दाबलं ते नाही.

पलीकडं आप्पासाहेबांनी खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

“वर्षे,” ते म्हणाले. “ती आळी मी खरी लिहिलीच नव्हती.”

“म्हणजे?”

“पाच आळ्यांत मी दारोदार जाऊन बसलो. खालच्या आळीत माझे पाय वळले नाहीत गं. मतदारयादी आणली आणि एका दुपारी नावं उतरवून काढली. नाव, वय, नाव, वय. तूच टाईप केलीस की ती. एकाही दारातला लिंब त्यात नव्हता. गेली ती यादीच गेली.” ते थांबले. “त्या आळीतली गुरम्मा अजून आहे. नव्या गावात. उद्या जाऊ आपण... अन् परीक्षेचं मला आधी सांगितलं असतंस, तर मी काय नको म्हणलो असतो का?”

मशीन सकाळच्या गाडीवर आणून द्या, असा निरोप मावशीनं दुकानात दिला होता. रविवारी सकाळी ती नांदेडच्या स्टँडवर आली, तर फलाटावर वैजनाथ उभा होता. दोन्ही हातांवर लुगड्यात गुंडाळलेलं गाठोडं आणि काखेत तिची छत्री. शेजारी पाशामियाँ.

“बेटी,” पाशामियाँ म्हणाले, “हा येतोय तुमच्या घरी मशीन बसवायला. मी बोललो ह्याला, जी आळी घालवली ती भरून दे, मगच दुकानात तोंड दाखव.”

“आलेलं चालणार नसंल तर न्हाई येत,” वैजनाथ म्हणाला. “मशीन कंडक्टरजवळ देतो.”

वर्षाराणीनं त्याच्याकडं पाहिलं. रात्रभर झोपला नसावा तो.

“कंडक्टरला लेकरं सांभाळता येत नाहीत,” ती म्हणाली आणि गाडीत चढली.

या वेळी दोघांनाही जागा मिळाली. मधे गाठोडं होतं. लोह्याच्या पुढं ऊन पडलं. ती खिडकीतून बाहेर बघत होती आणि काचेत तिला तोच दिसत होता, ज्वारीच्या हिरव्या पट्ट्यांवरून तरंगत चाललेला.

लातूरला आप्पासाहेब स्टँडवरच आले होते. त्यांनी वैजनाथला खालपासून वरपर्यंत पाहिलं. “बटण दाबणारे तुम्हीच का?” एवढंच विचारलं. मशीन घरी ठेवून तिघं पुढच्या गाडीनं गावाला निघाले.

नवं गाव सरळ रेषांचं होतं. सारखी घरं, सारखे रस्ते. गुरम्मा आपल्या दारात शेंगा फोडत बसली होती. तिचा मुलगा केरबा आत होता.

“बा, कुंद्रु,” तिनं कानडीत म्हटलं आणि चटईवर हात आपटून बसायला सांगितलं. “मास्तर, दहा वर्सांनी वाट सापडली व्हय?”

“आधीच यायला पाहिजे होतं, गुरम्मा.” आप्पासाहेब चटईच्या कडेला टेकले. “हिंमत झाली नाही. आमची आळी वाचली, तुमची...”

“मला वाटलं, तुम्ही आमची आळी इसरलाव.” तिनं मूठभर शेंगा त्यांच्या हातात दिल्या. “इचारा आता.”

आप्पासाहेबांनीच पहिला प्रश्न विचारला. कोपऱ्यावरच्या घराचा. आणि गुरम्मानं जे सुरू केलं ते थांबेचना. कुणाच्या दारात शेवगा होता, कोण पहाटे जातं ओढताना कानडी ओव्या म्हणायची, कोणत्या दोन भिंतींच्या मधल्या फटीतून वाटी-वाटी आमटी इकडची तिकडं जायची. वर्षाराणी लिहीत होती. तिचा हात दुखायला लागला, की वही न बोलता वैजनाथकडं जायची. त्याचा दुखला की तिच्याकडं. त्याचं अक्षर कोंबडीच्या पायासारखं होतं. पण गुरम्मा बोलताना थांबली तर तोही थांबायचा. मधली रिकामी ओळ रिकामीच सोडायचा. ते वर्षाराणीनं पाहिलं.

उन्हं कलली. आप्पासाहेब केरबाबरोबर मंडपाची जागा बघायला गेले. जाताना त्यांची पाठ ताठ झाली होती.

गुरम्मानं डोळे बारीक करून वैजनाथकडं पाहिलं. “पोरी, मघाधरनं बघायलेय. हा तुझ्या हातातली वही घेतोय, तू ह्याच्या हातातली. नवरा का हा तुझा?”

वर्षाराणीच्या हातातलं पेन थांबलं.

“अजून न्हाई,” वैजनाथ म्हणाला.

बोलून गेला आणि स्वतःच दचकला. गल्लीत कुठंतरी शेळी ओरडली. गुरम्मा पुन्हा शेंगा फोडायला लागली, जणू हवं ते उत्तर तिला मिळालं होतं.

“म्हणजे... तसं न्हाई,” तो वर्षाराणीकडं वळला. “म्हणजे तसंच, पण... तुमची परीक्षा हाय, पुस्तक हाय. माझ्यामुळं आधीच एक आळी गेली. मी थांबायला तयार हाय. न्हाई म्हणलात तरी पुस्तक पुरं करूनच जाईन. पण मी खोटं बोलणार न्हाई, बसमध्ये जागा दिली तेव्हापासून—”

“थांबा,” ती म्हणाली.

तो थांबला. त्याचा चेहरा असा झाला, जसा तो पांढऱ्या पडद्यासमोर झाला होता.

“पितृपंधरवडा चाललाय,” वर्षाराणी खाली बघत म्हणाली. “लग्नाच्या गोष्टी काढत नसतात आत्ता.”

“मग... कधी काढत असतेत?”

 तिनं गुरम्माच्या सुपातली एक शेंग उचलली, फोडली. दोन दाणे निघाले. एक तिनं खाल्ला, आणि दुसरा कुठं ठेवावा ते न कळून हातातच धरून बसली. तिचे गाल, गळा, कान, सगळं कलत्या उन्हाच्या रंगाचं झालं होतं.

“शुक्रवारी घट बसतात,” ती अगदी हळू म्हणाली. “त्या दिवशी आप्पा घरीच असतात. दिवसभर.”

वैजनाथनं वही ओढून मांडीवर घेतली. मग तिचं मागचं पान काढलं आणि आपल्या त्या कोंबडीच्या पायासारख्या अक्षरात घाईघाईनं काहीतरी लिहू लागला.

“काय लिहिताय?”

“शुक्रवारी पहाटे नांदेडहून पहिली गाडी किती वाजता सुटते, ते आठवायलो.”

“काय कुजबुज लावली रे पोरांनो?” गुरम्मा म्हणाली. “लिहायचं हाय का न्हाई? अजून चार घरं ऱ्हायली.”

“लिहायचंय, आजी,” वर्षाराणी म्हणाली. उरलेला दाणा तिनं त्याच्या तळहातावर ठेवला आणि वही आपल्याकडं ओढून घेतली. “सांगा. पुढचं घर कुणाचं?”